विरी गेलेलं पीठ

मु. सावळी, पो. महागाव
ता. २० ऑगस्ट १९६१

सौ. इंदूबाई यांस मारोतीचा जयभीम.

तुम्ही शकूला घेऊन राजूरला सुखरूप पोचल्याचे डोमाजीभाऊंचे कार्ड मिळाले. प्रभा गेल्यापासून मी तुम्हाला पत्र लिहिले नाही, त्याबद्दल राग नसावा. शाळेत दिवसभर फळ्यावर लिहितो, पण घरी कागद समोर घेतला की पहिली ओळ सुचत नाही. आज सुचली ती कामाची आहे, म्हणून लिहितो.

शकूला नेताना तुम्ही मोटारीपाशी मला म्हणाला होतात, "मारोतराव, लेकराच्या ताटात साबूत भाकर पडंल त्या दिवशी या अन् पोरीले घेऊन जा. तोवर मी आहे." तुमच्या बहिणीचे लेकरू तुमच्या हाती आहे, म्हणून मला रात्री झोप लागते. पण ते शब्द मी विसरलेलो नाही.

मला भाकर करायला शिकायची आहे.

सध्या शेजारच्या जमनाबाई जेवण पाठवतात. त्या बंजारा तांड्यातल्या. त्यांच्यात भाकरीला बाटी म्हणतात. "मास्तर, बाटी आणली" असे म्हणून ताट ठेवतात आणि मी काही बोलायच्या आत निघून जातात. त्यांचे उपकार आहेत. पण दुसऱ्याच्या ताटाच्या भरवशावर शकूला घरी आणणे मला बरोबर वाटत नाही.

गावात कोणाला विचारायची लाज वाटते. पुरुष माणूस चुलीपुढे बसलेला लोकांनी पाहिलेला नाही, त्यातून मास्तर. इतकी वर्षे प्रभा भाकरी करायची आणि मी समोर बसून जेवायचो. तिचे हात काय करतात ते मी कधी पाहिले नाही. माझे लक्ष ताटाकडे असे. तेव्हा पिठापासून सगळे लिहा, मला काहीच येत नाही असे धरून. ठेचाही लिहा. शकूला तो लागतो.

दिवाळीच्या सुटीत तिला न्यावे असा विचार आहे.

आपला,
मारोती

---

राजूर
ता. ३ सप्टेंबर १९६१

मारोतराव यांस इंदूचा जयभीम.

चौथीपर्यंत शाळा झाली माझी, पण शाळेसारखं लिहिणं आता जमत नाही. बोलते तसं लिहिते. तुमी मास्तर आहा, चुका काढू नका.

तुमचं पत्र वाचून मी हसली अन् मंग रडली. डोमाजी म्हणाले, "काहून रडतं? माणूस भाकर शिकून राह्यला, फाशी नाही चढून राह्यला." त्याईचं बोलणं तुमाले माहीतच आहे.

आता ऐका. पीठ चाळून घ्या. परातीत एका भाकरीपुरतंच घ्या, साऱ्याचं एकदम भिजवू नका. मधात खड्डा करा, पाणी घाला, अन् तळहाताच्या टाचेनं रगडा. चांगलं रगडा, हात दुखला पाहिजे. मंग गोळा हातावर गोल करा. परातीत कोरडं पीठ टाकून त्याच्यावर ठेवा अन् थापा. बोटं जवळ जवळ ठेवा. थापता थापता भाकर आपल्या आपण फिरते, तुमी फिरवू नका. तव्यावर टाकतानी पिठाची बाजू वर आली पाहिजे. वरून पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकायच्या आत उलटवा. खालून भाजली की तवा उतरवा अन् भाकर चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याच्या आरावर उभी करा. फुगली की समजा झाली.

ठेच्याचं सोपं आहे. हिरव्या मिरच्या तव्यावर थोड्या तेलात परता, काळे डाग पडेस्तोर. लसूण सालीसकट टाका, मीठ जाडं टाका, अन् तव्यावरच तांब्याच्या बुडानं ठेचा. पाट्यावर वाटू नका, मिरचीचं बी दिसलं पाहिजे. प्रभा शकूसाठी भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट मिळवे, तो विसरू नका. मिरचीचा हात डोळ्याले लावू नका.

शकू बरी आहे. तिसरीत नाव घातलं. डोमाजी खाणीतून आले तं पहिल्या दिवशी त्याईचं काळं तोंड पाहून पळाली. आता साबण घेऊन दारात उभी राहते. म्हणते, "मोठेबाबा, आधी माणूस व्हा, मंग चहा." जेवणाचं म्हणाल तं दुधात भाकर कुस्करून खाते, दूध नसलं तं पातळ वरणात. झोपतानी माझा पदर हातात धरून झोपते. सकाळी मलेच उठवते. या घरात इतक्या वर्षांत मले हाक मारून कोणी उठवलं नव्हतं.

घाई करू नका. हळूहळू जमेल.

तुमची,
इंदू

---

सावळी
ता. २४ सप्टेंबर १९६१

सौ. इंदूबाई यांस जयभीम.

तुमचे पत्र चुलीशेजारी भिंतीला लावून ठेवले आहे. त्याप्रमाणे रोज संध्याकाळी करून पाहतो.

पहिल्या दिवशी दार लावून घेतले होते. थापायला लागलो तसा बाहेरून जमनाबाईंचा आवाज आला.

"मास्तर, काय ठोकून राह्यले? खाट मोडली का?"

मी म्हटले, "भाकर थापतो."

"मंग दार कायले लावलं? भाकर पळून जाते का?"

दार उघडावे लागले. त्यांनी परातीत पाहिले आणि पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "हे भाकर नाही मास्तर. हे मे महिन्यातलं तळं आहे. अशाच भेगा पडतात." मग त्यांनी सुनेला हाक मारली, सुनेने जावेला. आता माझ्या चुलीचे काही गुप्त राहिलेले नाही, म्हणून दार उघडेच ठेवतो. त्या कसे करायचे ते सांगू लागल्या की मी नको म्हणतो; मला प्रभाच्या माहेरच्या रीतीनेच, तुमच्या पत्रावरून शिकायचे आहे.

अडचण तीच आहे. गोळा नीट होतो, पण थापताना कडा फाटतात. उचलायला गेलो की मधोमध तुटते. तव्यावर तुकडे पडतात. तुकडेच भाजतो आणि खातो. ज्वारी घरचीच आहे. प्रभा जात्यावर रोजचे रोज दळायची, ते मला जमत नाही. मी महिन्याचे पीठ महागावच्या चक्कीवरून एकदम आणतो. चुलीत कपाशीची वाळलेली पऱ्हाटी जाळतो. यात काही चुकत असेल तर लिहा.

ठेचा मात्र पहिल्याच दिवशी जमला. चव तिच्या हातासारखी नाही, पण ठेचाच आहे. ठेचताना डोळ्यांतून फार पाणी आले. जमनाबाई दारातच होत्या, पण मिरची असल्यामुळे मला काही सांगावे लागले नाही.

दिवाळीला येतो. तोवर जमेल असे वाटते. शकूला सांगा.

मारोती

---

राजूर
ता. ८ ऑक्टोबर १९६१

मारोतराव यांस जयभीम.

भाकर तुटते म्हणजे तुमचा हात जड पडत असेल. फळ्यावर खडू दाबता तसं दाबू नका. अन् पऱ्हाटीचा जाळ भक्कन पेटते अन् भक्कन विझते, त्याच्यात तवा सारखा तापत नाही. मी इथं कोळशाच्या शेगडीवर करते, मले तुमच्या चुलीचा अंदाज नाही. लाकूड मिळालं तं पाहा. अजून रगडून पाहा. रगडण्यातच सारं आहे.

दिवाळीचं म्हणाल तं शकूले खोकला झाला आहे. राजूरहून वणी, वणीहून यवतमाळ, तिथून पुढं महागाव, इतक्या मोटारी बदलून लेकराले नेणं मले बरं वाटत नाही. तिकडं घरी ताटात तुकडेच पडणार असतील तं नेऊन तरी काय करता? रागानं नाही बोलत. थंडी जाऊ द्या.

तिले लाल कापडाचा फ्राक शिवला. घालून गल्लीभर फिरून आली.

इंदू

---

सावळी
ता. १२ नोव्हेंबर १९६१

सौ. इंदूबाई यांस जयभीम.

दिवाळीत शाळा बंद होती. मी घरीच होतो. तुमचे म्हणणे पटले म्हणून आलो नाही. शकूचा खोकला आता कसा आहे?

तिचे कार्ड आले होते. त्यात एकच वाक्य होते, "बाबा, तुमची भाकर झाली का?" बाकी सगळे कार्ड कोरे सोडले होते. बहुतेक उत्तरासाठी जागा ठेवली असावी. मी ते बरेच दिवस खिशात ठेवून हिंडलो, पण उत्तर लिहिले नाही. आता लिहितो. नाही झाली. तिला तेवढे वाचून दाखवा.

लाकूड वापरून पाहिले. हात हलका करून पाहिला. जमनाबाई म्हणतात, "मास्तर, सोडा हे. तुमी पाढे शिकवा, बाटी आमी देतो." पण मी सोडणार नाही. माझी लेक परक्या घरी आहे असे मी म्हणत नाही, ते परके घर नाही. तरी संध्याकाळी तिच्या वयाची पोरे आपापल्या घरी जेवायला पळतात, तेव्हा मी दारात उभा राहत नाही.

काही राहिले असेल, अगदी लहानसे असले तरी, आठवून लिहा.

मारोती

---

सावळी
ता. २१ जानेवारी १९६२

सौ. इंदूबाई यांस जयभीम.

इकडे थंडी फार आहे. तब्येत ठीक.

भाकर तुटतेच. तुम्ही सांगितलेले सर्व करून पाहिले. तुमच्या सांगण्यात काही कमी नाही, माझ्याच हाताला जमत नाही. त्याचा आता फार विचार करू नये असे ठरवले आहे.

शकूचे शाळेचे वर्ष मध्येच मोडू नये. परीक्षा होईपर्यंत तिला तुमच्याकडेच राहू द्या. पुढचे पुढे पाहू. माझी घाई नाही.

मारोती

---

राजूर
ता. ४ फेब्रुवारी १९६२

मारोतराव यांस जयभीम.

तुमचं पत्र आलं. लहान होतं. शकूनं वाचून दाखवलं. "भाकर तुटतेच" हे वाचल्यावर ती थांबली, अन् मंग पुढचं एकदम भरभर वाचलं. मी म्हटलं, "पाहा, परीक्षेपर्यंत इथंच." तिनं मान हलवली अन् खेळायले गेली.

डोमाजी मले म्हणाले, "तुले पाहिजे होतं तेच लिहून आलं ना? मंग तोंड काहून उतरलं?" मी जवस भाजायले घेतलं.

खाणीतला एक माणूस उमरखेडले जाऊन राह्यला, त्याच्यापाशी जवसाची चटणी पाठवते. महागावले उतरून शाळेत देईल. ती तुकड्याबरोबर बी चांगली लागते. खाऊन पाहा. तब्येत सांभाळा. तुमाले स्वेटर आहे का ते लिहा.

इंदू

---

राजूर
ता. १८ मार्च १९६२

मारोतराव यांस.

शकूचा हात भाजला. आधीच सांगते, लेकरू ठीक आहे. उजव्या हाताच्या मनगटावर अन् तळहाताच्या मागं फोड आले. खाणीच्या दवाखान्यात नेलं, मलमपट्टी केली. डॉक्टर म्हणाले, बोटं वाचली, डाग राहील. आता ताप नाही. खाते, पिते. तुमी घाबरून निघू नका. आधी हे पुरं वाचा, मंग पाहिजे तं या.

मी नळावर गेली होती. डोमाजी खाणीत. मी आली तं शकू जमिनीवर बसून हातावर फुंकर घालून राह्यली होती. रडत नव्हती. शेगडीवर पातेलं आडवं, कोळसे विझलेले, परातीत पीठ काढलेलं. मी तिले उचललं. आधी ओरडली, मंग विचारलं, "काय करून राह्यली होती व?"

म्हणाली, "भाकर."

"तुले कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. बाबाले येत नाही ना. मले आली की बाबा मले नेतील."

मी म्हटलं, "अन् हे पाणी कायले तापवलं?"

मारोतराव, तिनं माझ्याकडं पाह्यलं. म्हणाली, "शिळं पीठ असलं की आई तं आधी पाणीच उकळत ठेवे. तू बी ठेवतं. उकळतं पाणी पिठात ओतलं की भाकर तुटत नाही. बाबाले तू लिहिलंच नाही वाटते."

आता ऐका. चक्कीवरचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. ताजं पीठ थंड पाण्यानं बी धरते. पण महिना झालेल्या पिठाले उकळतं पाणीच लागते. नाहीतर कितीबी रगडा, ते तुटणारच. हे कोणत्याबी पोरीले माहीत असते. तुमी सप्टेंबरातच लिहिलं होतं, महिन्याचं पीठ एकदम आणतो म्हणून. ते वाचलं तवाच मले समजलं, भाकर कायनं तुटते.

मी विसरली नव्हती. लिहितानी माझा हात तिथं आला, अन् पुढच्या ओळीवर गेला.

पहिल्या पत्रात खरंच राहिलं होतं. मी रोज करते, ते सांगायचं असते हे ध्यानातच आलं नाही. पण दुसऱ्या पत्राच्या वेळी ध्यानात होतं. तरी मी लिहिलं, रगडण्यातच सारं आहे. त्याच्या आदल्या दिवशी शकू शाळेतून पळत आली होती. रोज मले मोठीमाय म्हणते. त्या दिवशी घाईत नुसतं "माय" म्हणाली. मी ओ दिली. मोठीमाय म्हण असं म्हटलं नाही. माझ्या बहिणीच्या जागी उभी राहून ओ दिली, अन् मले बरं वाटलं. त्या दिवसापासून तुमचं पत्र आलं की माझ्या छातीत धडधडे. भाकर तुटते हे वाचलं की धडधड थांबे.

तुमी लिहिलं होतं, तुमच्या सांगण्यात काही कमी नाही. ते वाक्य मी कितीदा वाचलं तुमाले काय सांगू.

आता पोरीले घेऊन जा. मी पाठवायले पाहिजे होती. तुमी मले काय बोलायचं ते बोला.

इंदू

---

सावळी
ता. २५ मार्च १९६२

सौ. इंदूबाई यांस जयभीम.

हात कसा आहे ते आधी लिहा. फोड फुटले का? डाव्या हाताने जेवते का? तुमचे पत्र वाचून मी मोटारीच्या थांब्यापर्यंत गेलो होतो. तिथे बसून पुन्हा पुरते वाचले आणि परत आलो. आलो असतो तर तुमच्यासमोर हे बोलता आले नसते, म्हणून आधी लिहितो.

उकळत्या पाण्याचे मला जानेवारीपासून माहीत आहे.

सकाळी फार थंडी होती. हात बधिर झाले होते. चुलीवर आंघोळीचे पाणी उकळत होते, त्यातलेच तांब्याभर घेऊन पीठ भिजवले. दुसरा काही विचार नव्हता, बोटे शेकावीत एवढाच. पीठ हाताला वेगळेच लागले. थापली तशी भाकर आपोआप फिरायला लागली, तुम्ही लिहिले होते तशी. फाटली नाही. तव्यावर गेली, आरावर फुगली.

मला लगेच तुमचे घर आठवले. आम्ही राजूरला आलो होतो, तेव्हा डोमाजीभाऊ दाढीसाठी शेगडीवरचे पाणी घ्यायला आले आणि तुम्ही त्यांच्या हातावर पळी मारलीत. म्हणालात, "ते भाकरीचं आहे, हात लावू नका." सगळे हसलो होतो. म्हणजे तुम्हाला माहीत होते, आणि तुम्ही लिहिले नव्हते. मला फार राग आला. रागाने एक पत्र लिहिले. ते चुलीत गेले.

ते चुलीत का गेले ते सांगतो. त्या सकाळी पहिली साबूत भाकर मी ताटात बाजूला ठेवली. दीक्षा घेतल्यापासून आपण गेलेल्या माणसासाठी घास काढून ठेवत नाही. मी मुलांना शाळेत तसेच सांगतो. तरी ती भाकर मला खाववली नाही. दुसरी खाल्ली, ठेच्याबरोबर. तिसरीही खाल्ली. भूक लागली होती. पोटभर जेवून शाळेत गेलो, मुलांना गणिते घातली, एकाच्या उत्तरावर मोठ्याने हसलो. संध्याकाळी घरी आल्यावर ताटातली ती भाकर दिसली. दिवसभरात मला प्रभाची एकदाही आठवण झाली नव्हती.

इंदूबाई, मी घाबरलो. भाकर जमली म्हणजे प्रभावाचून या घराचे चालते असे ठरले. शकू आली, घर भरले, तर ते रोजच चालेल. भाकर तुटत होती तोवर रोज संध्याकाळी घरात तिची उणीव तरी होती. ती मी माझ्या हाताने बंद केली असे वाटले. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थंड पाण्याने पीठ भिजवले. तुकडे पडले तेव्हा बरे वाटले. मग तुम्हाला लिहिले, भाकर तुटतेच. माझी घाई नाही.

तुमच्यासाठी थांबलो असे म्हणायला मला आवडले असते. तुम्हाला शकूची सोबत झाली, तेही मनात होते. पण ते पहिले कारण नव्हते.

तेव्हा तुम्ही स्वतःला बोल लावू नका. तुमच्या पत्रात एक ओळ राहिली. माझ्या पत्रातली ओळ खोटी होती, आणि ती शकूने मोठ्याने वाचली. ती वाचून तिने पातेले चढवले. मी खरे लिहिले असते तर ती जानेवारीतच माझ्या ताटावर बसली असती आणि तिचा हात धड राहिला असता. हे मी कोणाला सांगू शकत नाही. तेव्हा जमनाबाईंनी विचारले होते, "मास्तर, परवा तं मस्त फुगलती, आज पुन्हा तुकडे काहून?" मी म्हटले, पीठ बरोबर नाही.

तिने तुम्हाला माय म्हटले आणि तुम्ही ओ दिली, यात मला राग येण्यासारखे काही नाही. कोणीतरी ओ द्यायलाच पाहिजे होती.

आता आपण दोघांनी ठरवू नये. आपण ठरवले त्याचे काय झाले ते तिच्या हातावर दिसते. तुमच्या पत्रातले आणि माझ्यातलेही, जेवढे तिला समजेल तेवढे तिला सांगा. मग विचारा, कुठे राहायचे. ती राजूर म्हणाली तर मी सुटीत येत जाईन आणि मनात काही ठेवणार नाही. तिने मला काय म्हणायचे ते म्हणू द्या.

मारोती

---

राजूर
ता. ८ एप्रिल १९६२

ती. बाबांस शकूचा जयभीम.

हे मीच लिहिले. पट्टी सोडली. हात वाकतो. अक्षर वाकडे आले तर ते हातामुळे नाही, कार्डावर रेघा नाहीत म्हणून आहे.

मोठीमायने मला सगळे सांगितले. ती सांगताना रडत होती, म्हणून मी तिला म्हटले, आधी पाणी पी. मग तिने तुमचे पण वाचून दाखवले. मला सगळे समजले नाही. मोठेबाबा म्हणाले, या दोघांईले शाळेत पहिलीत बसवा.

बाबा, तुमची भाकर झाली का, असे मी दिवाळीत विचारले होते. तुम्ही नाही म्हणून लिहिले. मला वाटले भाकर झाल्याशिवाय मला घरी येता येत नाही. कोणी मला विचारले असते तर मी सांगितले असते. मी भाकर कुस्करूनच खाते. साबूत भाकर दिली तर मलाच तोडावी लागते. तुम्ही आधीच तुटलेली करता, म्हणजे माझे अर्धे काम होते.

मी घरी येते. परीक्षा वीस तारखेला संपते. तुम्ही न्यायला या. मोठीमाय पण येणार आहे. नाही म्हणत होती, पण तुमच्या ठेच्यात शेंगदाण्याचा कूट बरोबर पडतो का हे कोण पाहील, असे मी विचारले, तेव्हा हो म्हणाली. उन्हाळाभर राहील. शाळा सुरू झाली की ती राजूरला येईल आणि दिवाळीला मी तिच्याकडे येईन. खोकला झाला तरी येईन.

तिला मी मोठीमायच म्हणते. घाईत असले तर माय म्हणते. आईला चालले असते का, ते तुम्ही सांगा. मला वाटते चालले असते.

पाणी तुम्हीच तापवा. मी लांब बसेन.

शकू